शब्दाला गाव विचारावं



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी तीन वर्षं इंग्रजी शिकलो. समोर बसलेल्यांपैकी पुष्कळांनी त्यांचा वर्ग पाहिलेला आहे. शाळेत नवा मुलगा आला की सर त्याला नावाआधी गाव विचारायचे. फळ्यावर नवा इंग्रजी शब्द आला की त्यालाही तोच प्रश्न. हा कुठला? लॅटिनमधून आलेला, फ्रेंचमधून आलेला, की खलाशांनी बोटीवरून उतरवलेला? अर्थ त्यानंतर.

सरांची लाल कापडी बांधणीची एक लांब वही होती, किराणा दुकानातल्या खतावणीसारखी. तिच्यात तीन रकाने : शब्द, अर्थ, गाव. पाठ्यपुस्तकात कधीच न भेटणारे इंग्रजी शब्द त्या वहीत असत. क्रिकेटच्या समालोचनात ऐकलेले, जुन्या कादंबऱ्यांत सापडलेले, बोटीवर नोकरी करून परतलेल्या कोकणातल्या माणसांनी सांगितलेले. गेल्या पावसाळ्यात सरांच्या घरच्यांनी ती वही मला पाहायला दिली आणि आजचा विषय तिथेच ठरला. इंग्रजीतला स्लँग, आणि त्याचा अर्थ येतो कुठून.

'स्लँग'ला मराठीत नेमका शब्द नाही. 'ग्राम्य' म्हणावं, तर हे शब्द बहुतेक मोठ्या शहरांत जन्मलेले. 'अशिष्ट' म्हणावं, तर त्यातले कितीतरी आजीसमोर उच्चारता येण्याजोगे. 'कट्ट्यावरची भाषा' त्यातल्या त्यात जवळ जातं. पण आज मी 'स्लँग'च म्हणेन, तुम्ही ते चालवून घ्या.

सुरुवात घरातून करतो. माझी भाची दोन वर्षांपूर्वी लेस्टरला शिकायला गेली. शिक्षण सगळं इंग्रजी माध्यमात, परीक्षेत गुण उत्तम. पहिल्याच आठवड्यात तिचा फोन आला, 'मामा, मी आजारी दिसते का रे?' झालं होतं असं, की रोज सकाळी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात एक मुलगी तिला विचारायची, 'ऑलराइट?' आपल्याकडे कुणी 'बरी आहेस ना?' असं विचारलं तर आपण समजतो, चेहरा उतरलाय. म्हणून भाची रोज खरंखरं सांगायची, झोप झाली नाही, थंडी सोसत नाही, घरची आठवण येते. समोरची मुलगी हातात चहाचा कप घेऊन गोंधळून उभी. कारण ब्रिटनमध्ये 'ऑलराइट?' हा नमस्कार आहे. त्याचं उत्तरही 'ऑलराइट' एवढंच. आपण रस्त्यात भेटलेल्या माणसाला 'काय, जेवलात का?' म्हणतो, तेव्हा त्यानं भाजी कोणती होती हे सांगावं अशी आपली अपेक्षा असते का?

मग हळूहळू तिला कळत गेलं. 'चिअर्स' म्हणजे आभार. 'नॉट बॅड' म्हणजे मनापासून केलेलं कौतुक. 'गॉबस्मॅक्ड' म्हणजे थक्क. 'गॉब' म्हणजे तोंड, तेव्हा कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखा थक्क. 'नॅकर्ड' म्हणजे अंगात त्राण न उरलेला. म्हातारे, कामातून गेलेले घोडे विकत घेऊन कापणाऱ्याला तिकडे 'नॅकर' म्हणत, त्यावरून हा शब्द. दिवसभर राबून आलेला माणूस 'मी नॅकर्ड आहे' म्हणतो, तेव्हा त्या शब्दामागे तो घोडा उभा असतो. ही प्रतिमा ज्यानं पहिल्यांदा वापरली, तो माणूस घोड्याइतकाच राबत असणार, असं मला नेहमी वाटतं.

भाचीला 'ऑलराइट'चा कोशातला अर्थ येत नव्हता का? येत होता. मग अडलं कुठे? कुणी म्हटलं, कुणाला म्हटलं, कुठे उभं राहून म्हटलं, इथे अडलं. स्लँगचा अर्थ तिथे राहतो. आज मला जे सांगायचं आहे ते एवढंच, आणि ते मी दोन-तीन वाटांनी सांगणार आहे.

पहिली वाट जुन्या तक्रारीची. 'हल्लीच्या पोरांनी भाषा बिघडवली' ही तक्रार किती जुनी? १७१० साली लंडनच्या 'टॅटलर' या नियतकालिकात जोनाथन स्विफ्ट यांनी ती केली. हेच ते 'गलिव्हर'चे लेखक. लोक शब्द अर्धवट तोडून बोलतात, याचा त्यांना संताप होता. त्यांना खुपलेल्या शब्दांत 'मॉब' होता, 'फिझ' होता, 'पॉझ' होता. 'मॉब' हा चंचल जमाव या अर्थाच्या एका लॅटिन शब्दजोडीचा तुटका तुकडा. 'फिझ' म्हणजे चेहरा, 'फिजिऑग्नॉमी'तून तोडलेला. 'पॉझ' हा 'पॉझिटिव्ह'चा तुकडा. पुढे काय झालं? 'फिझ' आणि 'पॉझ' काळाबरोबर गेले. 'मॉब' राहिला, आणि असा राहिला की आज तो न्यायालयांच्या निकालपत्रांत असतो, मराठी वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत असतो. कुणाला तो तुटका वाटतो?

आता २०२३ सालात या. ऑक्सफर्डच्या कोशकारांनी त्या वर्षाचा शब्द म्हणून निवडला 'रिझ'. एखाद्याला आपल्याकडे ओढून घेण्याची मोहिनी, तिचं नाव रिझ. आपण ज्याला 'करिष्मा' म्हणतो त्या इंग्रजी शब्दाचं डोकं आणि शेपूट छाटून मधला तुकडा तेवढा ठेवला. फिझ, पॉझ, रिझ! तीनशे तेरा वर्षांनंतर तीच कात्री, तेच कापड, आणि जवळजवळ तोच आवाज. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५च्या आपल्या थोर कोशात 'फन' या शब्दाला हलक्या लोकांची बोली म्हणून हिणवलं होतं. आज बालवाडीच्या भिंतीवर 'फन' लिहिलेलं असतं. कुठला शब्द टिकेल आणि कुठला जाईल हे स्विफ्टना ओळखता आलं नाही, जॉन्सनना ओळखता आलं नाही. आपल्यालाही ते येणार नाही, आणि त्याची खंत करू नये.

दुसरी वाट घडणीची. स्लँगचा कारखाना चालतो कसा? छाटणी तुम्ही पाहिली. दुसरी युक्ती उलटवण्याची. 'बॅड' म्हणजे उत्तम, 'सिक' म्हणजे अफलातून, 'विकेड' म्हणजे झकास. याचं आपल्याला नवल वाटू नये. पुण्यातली मुलं 'बेक्कार हसलो' म्हणतात. आपण सगळेच 'भयंकर आवडलं' म्हणतो. भयंकर वाटलं की आवडलं? दोन्ही जिभांना एकच खोड आहे. साधा चांगुलपणाचा शब्द वापरून गुळगुळीत झाला, की माणूस शेजारच्या वाईट शब्दाचा जोर उसना आणतो.

तिसरी युक्ती लपवण्याची, आणि ती मला सगळ्यांत प्रिय आहे. पूर्व लंडनच्या हातगाडीवाल्यांनी आणि मजुरांनी एकोणिसाव्या शतकात यमकांची एक बोली रूढ केली. म्हणायचं आहे 'लुक', म्हणजे एक नजर. 'लुक'शी यमक जुळतं 'बुचर्स हुक'चं, म्हणजे खाटकाच्या आकड्याचं. मग जो शब्द जुळतो तोच टाकून द्यायचा! उरतो 'बुचर्स'. 'जरा बुचर्स घेऊ दे' म्हणजे जरा बघू दे. परक्याला खाटीक दिसतो, आकडा दिसत नाही आणि नजर तर मुळीच दिसत नाही. तसंच 'लाइज'साठी 'पोर्क पाइज', त्याचं झालं 'पोर्कीज', म्हणजे थापा. 'हेड'साठी 'लोफ ऑफ ब्रेड', म्हणून 'लोफ वापर' म्हणजे डोकं चालव. आपल्याकडे 'च'ची भाषा होती. गिऱ्हाइकासमोर भाव ठरवायला व्यापाऱ्यांची नंदभाषा होती. मनुष्य भाषा लपवतो कधी? समोर पोलीस, मालक, गिऱ्हाईक किंवा मास्तर असेल तेव्हा. ज्याच्या हातात सत्ता असते त्याला शब्द लपवण्याचं कारण पडत नाही.

लंडनमध्येच आणखी एक अशी बोली होती, पोलारी. रंगमंचावरचे लोक, खलाशी आणि समलिंगी पुरुष ती बोलत. तिच्यात इटालियन होतं, रोमानी होतं, उलट्या अक्षरांचे शब्द होते. 'हेअर' उलटं करून 'राया' म्हणजे केस. समलिंगी संबंध हा तिथे गुन्हा होता, एका वाक्यामुळे माणूस तुरुंगात जाऊ शकत होता, म्हणून ही बोली. १९६५ ते १९६८ या वर्षांत बीबीसीच्या 'राउंड द हॉर्न' या नभोवाणी कार्यक्रमात दोन पात्रं ती मोकळेपणानं बोलू लागली आणि घरोघरी रविवारच्या जेवणानंतर लोक ती ऐकू लागले. १९६७ साली इंग्लंड आणि वेल्समध्ये कायदा सैल झाला. लपण्याची गरज ओसरली आणि बोलीही ओसरत गेली. एखादी बोली मरण्याचं इतकं चांगलं कारण क्वचितच असतं.

आता मी आपल्या दाराशी येतो. सरांच्या वहीत एका पानावर शब्द आहे 'डूलॅली'. अर्थाच्या रकान्यात, 'डोकं फिरलेला'. आजही ब्रिटनमध्ये आजीबाई सहज म्हणतात, 'तो जरा डूलॅली झालाय.' गावाच्या रकान्यात सरांनी ठसठशीत अक्षरांत लिहिलं आहे, देवळाली.

होय, आपली नाशिकजवळची देवळाली. तिथे गोऱ्या फौजेचा मोठा तळ होता. मुदत संपलेले शिपाई मायदेशी जाण्यासाठी तिथे आणून ठेवत. पण फौजेची जहाजं सुटायची ती थंडीच्या हंगामात. शेवटचं जहाज चुकलेल्या शिपायानं काय करायचं? पुढच्या हंगामापर्यंत थांबायचं. काम नाही, कवायत नाही, समोर उन्हाळा, मग पाऊस, हातात दारू, अंगात हिवताप. काहींचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. शिपाई म्हणू लागले, याला 'डूलॅली टॅप' झालाय. टॅप म्हणजे काय? आपला ताप! 'डोक्याला ताप' म्हणतो तो ताप. पुढे टॅप गळून पडला, डूलॅली राहिला. ज्या माणसाला नकाशात नाशिकही दाखवता येणार नाही, तो आज बर्मिंगहॅमच्या बसमध्ये बसून आपल्या एका गावाचं नाव घेतो आणि त्याला ते ठाऊक नसतं.

अशी आपल्याकडून गेलेली मंडळी बरीच आहेत. आपल्या 'विलायत'चं शिपायांच्या तोंडी 'ब्लायटी' झालं, म्हणजे मायदेश. पहिल्या महायुद्धाच्या खंदकात 'ब्लायटी लागली' याचा अर्थ, जीव वाचेल पण घरी पाठवतील इतपत जखम झाली. त्या पोरांना जखम हवीशी वाटत होती. एवढं दुःख एका अपभ्रंशात मावलं. 'देखो'चा 'डेको' झाला, 'पक्का'चा 'पक्का'च राहिला.

त्याहून जुनी एक वाट आहे, हजार वर्षांपूर्वी उत्तर हिंदुस्थानातून निघून युरोपभर पसरलेल्या रोमानी लोकांची. इंग्रजीतला 'पॅल', म्हणजे दोस्त, हा त्यांचा शब्द. मूळ अर्थ भाऊ, आणि मूळ धातू आपल्या 'भ्राता'शी नातं सांगणारा. या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये 'चॅव्ह' हा शब्द फार चालला. गरीब वस्तीतल्या, टोपी आणि खेळाचे कपडे घालणाऱ्या तरुणांना हिणवण्यासाठी तो वापरत. बहुतेक अभ्यासक त्याचा उगम रोमानी 'चावो'मध्ये सांगतात, म्हणजे मूल, मुलगा. त्या 'चावो'चं मराठी भावंड कोणतं? छावा! श्रोतेहो, आपण ज्या शब्दानं पोराची पाठ थोपटतो, त्याचं सख्खं भावंड तिकडे गरिबाच्या पोराला खाली पाहायला लावण्यासाठी वापरलं गेलं. दोन्ही शब्दांचा उगम एक आणि नशीब इतकं वेगळं. शब्दाचं नशीब तो कुणाच्या तोंडी पडतो त्यावर ठरतं.

इथे मला जरा थांबायचं आहे, कारण आजच्या मुलांच्या ओठांवर जे इंग्रजी शब्द आहेत त्यांतले पुष्कळसे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे आहेत. 'कूल' त्यांच्या जॅझ वादकांनी जगाला दिला. 'स्ले', म्हणजे बाजी मारणं, आणि 'शेड', म्हणजे खोचक टोमणा, या शब्दांना न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या कृष्णवर्णी आणि लॅटिनो समलिंगी, तृतीयपंथी कलावंतांच्या नृत्यस्पर्धांत आजचा अर्थ मिळाला. घरातून हाकलली गेलेली मुलं तिथे एकमेकांना घर देत होती. आणि 'वोक'.

'वोक' म्हणजे जागा. १९३१ साली अलाबामा राज्यात नऊ कृष्णवर्णी मुलांवर बलात्काराचा खोटा आरोप ठेवला गेला. स्कॉट्सबरो खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. त्यावर लेड बेली या गायकानं गाणं रचलं आणि १९३८च्या ध्वनिमुद्रणाच्या अखेरीस आपल्या लोकांना बजावलं, त्या भागातून जाताना जपून जा, जागे राहा. तिथे 'वोक'चा अर्थ जीव वाचवणे. १९६२ साली विल्यम मेल्विन केली या कृष्णवर्णी लेखकानं 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये या शब्दाबद्दल लिहिलं. गोरे लोक आमचे शब्द उचलतात आणि ते उचलले गेले की आम्ही नवे घडवतो, असं त्याच्या लेखाचं सूत्र होतं. पुढे २०१४ नंतर पोलिसी अत्याचारांविरुद्धच्या आंदोलनात तो शब्द जगभर गेला. आणि आज? आज राजकीय सभांत तो शिवीसारखा फेकला जातो. २०२२ साली फ्लोरिडात एका कायद्याच्या नावातच त्याला थांबवण्याची भाषा आली. जो शब्द 'जीव सांभाळ' म्हणत होता, त्याची ही गत झाली. मला याचा राग येतो, आणि तो लपवावा असं वाटत नाही. आपल्या संतांनीही जागं राहायला सांगितलं. त्या शब्दाची उद्या कुणी चेष्टा केली तर आपल्याला काय वाटेल?

दुसरा शब्द 'सस'. समोरच्या मुलामुलींना तो ठाऊक आहे. २०२० साली टाळेबंदीत 'अमंग अस' नावाचा मोबाइलवरचा खेळ घरोघरी पोचला. अंतराळयानात एक घातकी लपलेला, तो ओळखायचा. ज्याचा संशय येईल तो 'सस'. पण लंडनच्या ब्रिक्स्टन भागातल्या एखाद्या साठीच्या जमैकन गृहस्थाला हा शब्द ऐकवून पाहा. १८२४च्या भटक्यांविषयीच्या कायद्यात एक कलम होतं, केवळ संशयावरून माणसाला रस्त्यात धरता येत असे. लोक त्याला 'सस लॉ' म्हणत. १९४८ साली 'विंडरश' जहाजातून कॅरिबियन बेटांवरची माणसं आली, त्यांच्यामागून आणखी आली. १९७०च्या दशकात त्यांची इंग्लंडमध्ये वाढलेली मुलं या कलमाखाली पुन्हा पुन्हा धरली जात. एप्रिल १९८१मध्ये ब्रिक्स्टन पेटलं. त्याच वर्षी ते कलम रद्द झालं. खेळातला शब्द त्या कायद्यातूनच आला, असं मी म्हणत नाही. दोघांचं मूळ तो 'सस्पेक्ट'चा तुकडा. पण एका पिढीनं जो शब्द पोलिसाच्या हातात पाहिला, तोच दुसऱ्या पिढीच्या हातात खेळणं होऊन आला, हे आपल्याला ठाऊक असावं की नाही?

त्याच दक्षिण आणि पूर्व लंडनच्या वस्त्यांतून आजची तरुण लंडनची बोली निघाली. जमैकन, बांगलादेशी, नायजेरियन, पंजाबी आणि पूर्व लंडनचे जुने कॉकनी एकाच शाळेत शिकले आणि एकमेकांचे शब्द घेत गेले. 'ब्रव' म्हणजे भाऊ, 'मॅनडेम' म्हणजे मित्रांचं टोळकं, 'पेंग' म्हणजे झकास, आणि वाक्याच्या शेवटी 'इनिट'. हे 'इनिट' आपल्या 'ना?'सारखंच, 'तू येणार ना', 'तो गेला ना', प्रत्येक क्रियापदाला एकच शेपूट पुरतं.

आता वेगाबद्दल दोन शब्द. पूर्वी शब्दाला वस्तीतून बाहेर पडायला वीस-तीस वर्षं लागत. आज हार्लेममधला शब्द आठवड्यात हिंगोलीत पोचतो. २०२४ साली ऑक्सफर्डनं 'ब्रेन रॉट' निवडला, क्षुल्लक चित्रफिती बघून बघून मेंदूला येणारी कुज. गंमत म्हणजे हीच शब्दजोडी अमेरिकन लेखक थोरो यांनी १८५४च्या 'वॉल्डन'मध्ये वापरलेली आहे. २०२५ साली डिक्शनरी डॉट कॉमनं तर '६७' हा आकडाच वर्षाचा शब्द ठरवला. एका रॅप गाण्यातून आलेला, शाळेतली मुलं हात वरखाली करत ओरडतात तो 'सिक्स सेव्हन'. त्याचा अर्थ काय? काहीच नाही. शिक्षकांना कळत नाही आणि मुलांना कळतं, हाच त्याचा उपयोग. मी त्याला हसणार नाही. 'च'ची भाषा बोलताना आम्हीही तेच करत होतो.

भाचीला मी काय सांगितलं, तेही तुम्हाला सांगतो, कारण तुमच्यापैकी कितीतरी घरांतली मुलं परदेशी निघाली आहेत. मी म्हटलं, ऐक खूप, बोल थोडं. 'चिअर्स' खुशाल म्हण, तो सगळ्यांचा आहे. पण जे शब्द एखाद्या समाजानं दुःखातून स्वतःपुरते घडवले, ते ऐकून समज, उचलायची घाई नको. न कळलं तर विचार. लोक आनंदानं सांगतात.

परवा मी सरांची वही परत करायला कल्याणहून नाशिकरोडला निघालो होतो. समोर दोन महाविद्यालयीन मुली. इगतपुरी मागे पडलं तेव्हा एक दुसरीला म्हणाली, 'तो मुलगा मला जरा सस वाटतो गं.' मला राहवलं नाही. मी त्यांना ब्रिक्स्टनची हकीकत सांगितली. आधी त्या संकोचल्या, मग सरकून बसल्या. तेवढ्यात गाडीचा वेग कमी झाला, खिडकीतून देवळालीची पाटी दिसली, आणि मी डूलॅलीही सांगून टाकला. दोघी पाटीकडे बघत राहिल्या. मग त्यातली धाकटी म्हणाली, 'काका, आणि डेलुलूचं गाव कोणतं?'

डेलुलू म्हणजे भ्रमात रमलेला, 'डिल्यूजनल'चा लाडका तुकडा. कोरियन गायकांच्या चाहत्या मुलींनी तो रूढ केला, एवढं मी सांगितलं. त्या मुली कुठल्या, कोरियातल्या की अमेरिकेतल्या, की आणखी कुठल्या, असं तिनं लगेच विचारलं. मी वही उघडली, शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं शब्द लिहिला, अर्थ लिहिला. तिसऱ्या रकान्याशी पोचलो तोवर नाशिकरोड आलं होतं आणि ती मुलगी फलाटावर उतरून खिडकीशी उभी राहून विचारत होती, 'मग, काय लिहिलंत?'